आप्पा हत्तीची आठवण आणि अर्जुनाचं झाड

एका जंगलात, दुपारी तीन वाजता, भरल्या समारंभात एक हत्ती सगळं विसरला. ऊन कडक होतं. व्यासपीठावर सिंह महाराज बसले होते. हत्तीच्या गळ्यात हार होता. दोन शब्द बोला, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने महाराजांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आपण कोण?"

मुलांनो, हसू नका. या हत्तीला सगळे आप्पा म्हणत, आणि साऱ्या जंगलाची आठवण त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होती. बिळाचं नाव काढलं की आप्पा मालक सांगत. मालकावरून पिल्लं, पिल्लांवरून पाणवठ्यावरची पाळी, पाळीवरून झालेली भांडणं, भांडणांवरून महाराजांचे निकाल. सगळं एकमेकांना जोडलेलं. म्हणून त्या जंगलात कोणी कोणाचं बीळ बळकावत नसे.

आप्पाही एखाद्या दिवशी विसरतील, हे पूर्वजांना कळत होतं. ते पूर्वज समारंभ करत नसत, त्यामुळे त्यांना विचार करायला वेळ मिळे. त्यांनी दोन सोयी करून ठेवल्या होत्या. रोज संध्याकाळी आप्पांनी सगळं म्हणायचं आणि राघूंनी ते पाठ करायचं. शिवाय दिवसभरात जे जे बदलेल, त्याची खूण सुतारपक्ष्याने अर्जुनाच्या खोडावर लगेच टोचायची. आप्पा विसरलेच, तर आधी राघूंनी पाठ म्हणायचं. मग खोडावरच्या त्यानंतरच्या खुणा ओळीने वाचायच्या. की आठवण जशीच्या तशी परत.

हे खातं बगळेरावांकडे होतं. बगळेराव दिवसभर एका पायावर उभे असत, त्यामुळे ते फार कष्ट करतात असं महाराजांना वाटे. संध्याकाळी राघू "पाठ झालं" असं म्हणत. बगळेराव मान डोलवत आणि महाराजांना कळवत, की आजचंही पाठ झालं. पुढे त्यांनी लवकर पाठ करणाऱ्या राघूला पेरू द्यायला सुरुवात केली. राघू हुशार. आप्पांनी तोंड उघडलं रे उघडलं, की ते "पाठ झालं" म्हणू लागले. बगळेरावांच्या खात्याचं काम पूर्वीपेक्षा कितीतरी झपाट्याने होऊ लागलं.

महाराणींनी एकदा विचारलं होतं, की राघूंना कधी म्हणून दाखवायला सांगितलंत का.

"तसं केलं तर आप्पा विसरलेत की काय, अशी शंका पसरेल," बगळेराव म्हणाले. "विश्वासाचा प्रश्न आहे, महाराणी."

महाराणी गप्प बसल्या. बसायला नको होतं.

मग अखंड पाठाचा उत्सव करायचं ठरलं. व्यासपीठाला लाकूड हवं होतं. अर्जुनाचं झाड जवळच होतं आणि चांगलं जाड होतं. ते पाडलं. पाहुण्यांना टोचू नये म्हणून साल सोलून खोड गुळगुळीत केलं. सुतारपक्षी ओरडत राहिला. त्याला सांगण्यात आलं, की तुझ्यासाठी नवं झाड मंजूर झालं आहे, फक्त ते अजून उगवायचं आहे.

त्याच व्यासपीठासमोर आप्पा विसरले.

राघूंना बोलावलं. राघू रांगेत बसले आणि एका सुरात म्हणाले, "पाठ झालं." पुढचं म्हणा म्हटलं, तर पुन्हा तेच. अखेर एक म्हातारा राघू सापडला. पेरू सुरू व्हायच्या आधीच तो निवृत्त झाला होता. त्याने घसा खाकरून सगळं म्हटलं, आप्पांनी ऐकलं, आणि आप्पांची आठवण परत आली. तीन पावसाळ्यांपूर्वीची. त्यानंतरच्या खुणा वाचायला सगळे अर्जुनाकडे वळले, तर त्यावर महाराज बसले होते.

आठवण यशस्वीपणे परत मिळवण्यात आली आहे, असं बगळेरावांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या.

आता साळूबाईचं ऐका. ही नदीकाठच्या बिळात राहणारी साळिंदर. तीन पावसाळ्यांपूर्वी ते बीळ तरसाचं होतं. पूर आला तेव्हा तरस ते टाकून पळाला. साळूबाईने गाळ उपसला, बीळ राहण्याजोगं केलं. तरस परत येऊन भांडला, तेव्हा महाराजांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तिथेच तिला दोन पिल्लं झाली. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी ती चरून आली, तर पिल्लं बाहेर आणि तरस आत. काय ते आप्पांना विचार, असं तो आतूनच म्हणाला.

साळूबाई पिल्लांना घेऊन दरबारात गेली.

"महाराज, निकाल तुम्हीच दिलात. याच दगडावर बसून."

महाराजांना निकाल आठवत होता. त्यांनी तसं कबूलही केलं. "पण साळूबाई, माझी आठवण खाजगी आहे. आप्पांची सरकारी."

आप्पांना विचारलं. आप्पा प्रामाणिक. डोळे मिटून त्यांनी सांगितलं, की बीळ तरसाचं आहे आणि साळूबाईला पिल्लं नाहीत.

"मग ही काय आहेत?" साळूबाईने दोघांना पुढे ढकललं.

बगळेरावांनी मान वाकडी करून पाहिलं. "बाई, ही अजून जन्माला यायची आहेत. जन्मली की घेऊन या."

तरस हसला. तरसाला हसायला कारण लागत नाही, पण या वेळी होतं.

जंगल हळूहळू आप्पांच्या आठवणीप्रमाणे वागू लागलं. मागच्या उन्हाळ्यात वारलेल्या रानडुकराची पाणवठ्यावरची पाळी पुन्हा सुरू झाली. सकाळी सगळे प्राणी त्याचं पिऊन होईपर्यंत थांबत. तो फार सावकाश पितो, अशी हरणं कुरकुर करत.

साळूबाई व्यासपीठाखाली राहू लागली. तिथे आडोसा असा नव्हताच. एका सकाळी तिच्याजवळ एकच पिल्लू उरलं. नदीकाठच्या बिळाबाहेर कोवळे काटे पडले होते. ते तोंडात धरून ती बगळेरावांकडे आली आणि त्यांच्यापुढे ठेवले. बगळेरावांनी दुसरा पाय खाली टेकवला नाही.

"जे जन्मलंच नाही," ते म्हणाले, "ते हरवेल कसं?"

साळूबाई रडली नाही. खुणा कोणी पुसल्या, अर्जुन पाडायला कोणी सांगितलं, एवढंच तिने भर दरबारात विचारलं. महाराजांनी बगळेरावांकडे पाहिलं. बगळेरावांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी डोळे मिटले.

"अर्जुन तर उभा आहे," आप्पा म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, आठवणीची नक्कल रोज करावी, पेरू वेळेवर द्यावेत, आणि ती नक्कल म्हणून दाखवायला सांगण्याचा उद्धटपणा कोणी करू नये. आईला पिल्लाचं दुःख करायचं असेल, तर ते जन्मल्याची खात्री तिने आधी दरबारातून करून घ्यावी. बाकी, अर्जुन पाडायचा हुकूम कोणाचा होता, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.