संशय आल्यास

अनघा मुळावकर अकरा वर्षं माहितीपुस्तिका लिहीत होती, आणि तिच्या माहितीप्रमाणे त्या आजवर कोणी वाचल्या नव्हत्या. यवतमाळच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करायची. अडलं की लोक पुस्तिका उघडत नाहीत, सरळ फोन लावतात, हे तिने केव्हाच मान्य केलं होतं.

म्हणून नवं काम देताना तिचे वरिष्ठ सलील सर म्हणाले की या पुस्तिकेचा शब्द न् शब्द वाचला जाईल, तेव्हा तिला भरून आलं. वाचणारी माणसं नव्हती, एवढंच. कंपनीकडे वेबसाइटसाठी दोनशे बारा तयार भाग होते: बटणं, कॅलेंडरं, याद्या, तक्ते. ते जोडून वेबसाइट बांधायचं काम आता प्रोग्रॅमर स्वतः करत नसत, एआय एजंटांना, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणाऱ्या प्रोग्रॅमना, सांगत. एजंट हुशार, पण भागांची नावं आणि सेटिंग अंदाजाने ठोकून देत. त्यांच्यासाठी कंपनीने एक शोधसाधन बनवलं होतं. एजंटाने आधी तिथे विचारायचं, मिळालेली माहिती वाचायची, मगच कोड लिहायचा. हे साधन कसं वापरावं, ते अनघाने एजंटांना लिहून द्यायचं होतं.

तिने सहा आठवडे जीव ओतून लिहिलं आणि मसुद्याचा गोषवारा सासऱ्यांना सांगितला. वामनराव आर्णीच्या तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि अजूनही लग्नपत्रिकासुद्धा हाती पेन घेऊन वाचत.

"सारं ठीक आहे," ते म्हणाले, "पण अडलं तर विचारायचं कोणाले? ज्या आदेशात जबाबदार माणसाचं नाव नाही, तो आदेश हवेत राह्यते."

अनघाला पटलं. अकरा वर्षांत एकाही पुस्तिकेत तिचं नाव आलं नव्हतं, म्हणून जरा जास्तच पटलं. शेवटी तिने ओळ घातली: संशय आल्यास अंदाज करू नये, काम थांबवून अनघा मुळावकर यांना विचारावे. सलील सरांनी पुस्तिका न वाचता चार मिनिटांत मंजूर केली.

सोमवारी दहाला पहिला प्रश्न आला. कॅलेंडरमधल्या सुट्टीच्या तारखा फिक्या दाखवाव्यात की लपवाव्यात, असा एका एजंटाला संशय होता. तिने कौतुकाने सविस्तर उत्तर लिहिलं. एजंटाने आभार मानले. दुपारपर्यंत तीनशे प्रश्न आले. एजंटांना मुळातच सगळ्याचा संशय येतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आजवर ते संशय गिळून पुढे जात. आता विचारायला माणूस मिळालं होतं. पुण्यात चाळीस प्रोग्रॅमर हाताची घडी घालून बसले, कारण त्यांचे एजंट यवतमाळच्या उत्तराची वाट पाहत होते.

तिने ती ओळ काढायला घेतली. पण सलील सर परदेशी गेले होते आणि जाताना मंजुरीचं काम एका एजंटाकडे सोपवून गेले होते. त्याने पुस्तिका नीट वाचली होती. एवढी महत्त्वाची सूचना काढावी का, असा त्याला संशय आला, म्हणून त्याने अनघाला विचारलं. तिने काढायला सांगितलं. त्यावर त्याने नम्रपणे कळवलं, की ज्याचा मसुदा त्याचीच मंजुरी हे नियमात बसत नाही.

"बरोबर आहे त्याचं," वामनराव म्हणाले. "चांगला कारकून दिसते."

बुधवारी टाइप करून करून तिचं मनगट धरलं. नवरा, अभिषेक, पुसदला नोकरीला, शनिवारीच यायचा. शेवटी वामनराव शेजारी खुर्ची ओढून बसले आणि ज्यात कॉम्प्युटरचं काही नाही असे प्रश्न त्यांनी घेतले. एका एजंटाने विचारलं होतं, की ग्राहकाला बटण थोडं मोठं हवं आहे, तर थोडं म्हणजे किती?

"दोन आणे," वामनराव म्हणाले.

वाद घालायचं त्राण नव्हतं. अनघाने तेच लिहिलं. एजंटाने रुपयाचे सोळा आणे धरले आणि बटण एक अष्टमांशाने वाढवलं. महिनाभर तेच बटण परत पाठवणाऱ्या ग्राहकाने ते लगेच पास केलं. दुसऱ्या एजंटाने विचारलं, ग्राहक चिडला आहे, माफी किती वेळा मागावी? वामनरावांनी सांगितलं, एकदाच. दुसऱ्यांदा मागितली की समोरच्याला वाटतं, चूक खरंच झाली होती.

शुक्रवारी सलील सरांचा फोन आला. अनघाने दिलगिरी मनाशी जुळवून ठेवली होती, ती तशीच राहिली. ते खुशीत होते. एजंटांच्या चुका जवळपास संपल्या होत्या. तिची दोन हजार उत्तरं आता त्या साधनातच भरली होती, यापुढे ते स्वतःच सांगणार होतं.

"तुमचं काम इतकं पूर्ण झालंय," ते म्हणाले, "की पुढे काही उरलंच नाही. महिनाअखेर मोकळं करतोय तुम्हाला."

ती काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, त्यातली तीस-चाळीस उत्तरं वेगळीच आहेत, दोन आणेवाली, ती कोणाची?

"सासऱ्यांची."

"अनुभव किती त्यांना?"

"अडतीस वर्षं. महसूल खात्यात."

"अशी माणसं मिळत नाहीत हो आता. रोज तीन तास देतील का?"

तिने ते वामनरावांना सांगितलं. "मले त्यातलं काय समजते?" ते म्हणाले. "नाही म्हणून कळव." तिला बरं वाटलं. पण सोमवारी नेमणुकीचं पत्र आलं. त्यात पदनाम 'ज्येष्ठ सल्लागार' होतं. नायब तहसीलदार होता होता राहिलेल्या वामनरावांनी ते पत्र दोनदा वाचलं, आणि संध्याकाळी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

एक तारखेला दहाच्या ठोक्याला ते टेबलापाशी अनघाच्या खुर्चीत बसले. ती स्वयंपाकघरात तूर निवडत होती. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली.

"अनघा, हे स्लॉट म्हंजे काय असते?"

"भागात मोकळी सोडलेली जागा, बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "तिथं हवं ते बसवता येतं."

त्यांनी ते एका बोटाने टाइप केलं आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. एजंटाने लगेच आभार मानले. वामनरावांनी ते अनघाला मोठ्याने वाचून दाखवले.