चव्वेचाळीस नंबरचा गाळा

चिंतामणी औद्योगिक वसाहतीत सात नंबरच्या गाळ्याला लागून तेहतीस नंबरचा गाळा होता, त्याच्यापुढे एकोणीस, आणि यात काही वावगं आहे असं चाळीस वर्षं कोणाला वाटलं नव्हतं. वसाहत उभी राहताना ज्या क्रमानं अर्ज आले त्या क्रमानं नंबर दिले गेले. ज्याचा अर्ज आधी त्याचा नंबर आधी, मग गाळा कुठं का असेना. न्याय चोख होता. बाहेरच्या माणसाला गाळा सापडत नसे एवढंच, पण बाहेरच्या माणसानं आधी घरून नीट विचारून निघावं, असं वसाहतीचं मत होतं.

श्यामसुंदर आगाशे यांचा कारखाना एकोणतीस नंबरात. कारखाना म्हणजे चार लेथ, सात कामगार आणि मान हलवण्यापुरता उरलेला एक पंखा. तिथं पंपात बसणारे पितळी बुश तयार होत. माल असा, की बोट फिरवलं तर रेशमावर फिरवल्यासारखं वाटावं. पण गेल्या वर्षी एका मोठ्या पंप कंपनीचा तपासनीस कारखाना बघायला म्हणून आला, तासभर एकोणतीस नंबर शोधत फिरला, वडापाव खाऊन परत गेला आणि त्यानं कंपनीत सांगितलं, की असा कारखानाच नाही. आगाशे त्या वेळी गाळ्याच्या दारात इस्त्रीचा सदरा घालून उभे होते.

यंदा कंपनीनं पुन्हा तारीख दिली. शुक्रवार, सकाळी अकरा. पास झालं तर दोन वर्षं काम तुटणार नाही. नापास झालं तर दिवाळीला कारखाना बंद करायचा आणि गाळा गोदामाला द्यायचा, असं आगाशेंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. वसाहतीतल्या नऊ गाळ्यांची गोदामं झालीच होती. बावीस वर्षांपूर्वी धाराशिवहून आलेल्या उत्तरेश्वरला हे त्यांनी सांगितलं नव्हतं. पण तो हल्ली न सांगता लेथ पुसून ठेवू लागला होता, आणि ते आगाशेंना बघवत नव्हतं.

तेव्हा या खेपेला पत्त्याची भानगड मुळातच मिटवायची, असं त्यांनी ठरवलं. ते वसाहतीचे चिटणीस होते. त्यांनी सभा बोलावली आणि ठराव मांडला: मुख्य फाटकापासून सगळ्या शेहेचाळीस गाळ्यांना सरळ क्रमानं नंबर द्यायचे, डावीकडे विषम, उजवीकडे सम.

"आगाशे," रबरी सील बनवणारे संजय शिरोळे म्हणाले, "नंबर बदलून गिऱ्हाईक येत असतं तर मी रोज बदलला असता."

आगाशेंनी नकाशा पुढं सरकवला. शिरोळ्यांचा गाळा फाटकाला लागून डावीकडचा. नव्या हिशोबानं त्यांना एक नंबर मिळत होता.

"तत्त्वतः माझा विरोध नाहीच," शिरोळे म्हणाले, आणि संध्याकाळी त्यांनी एक नंबरची पाचशे कार्डं छापायला टाकली.

द्वारकाताई मुळ्यांचा चकल्यांचा कारखाना अगदी मागच्या टोकाला, मागच्या फाटकाजवळ होता. त्या म्हणाल्या, "आमच्या फाटकाशी गुडघाभर चिखल आहे, सगळ्या वसाहतीचं भंगार तिथं पडलंय, दिवा एक नाही. आणि तुम्ही नंबर रंगवा."

"सुधारणा टप्प्याटप्प्यानं होतील, द्वारकाताई," आगाशे म्हणाले. हे वाक्य चिटणिसांच्या तोंडी वर्षानुवर्षं असल्यामुळे ते आपोआपच बाहेर पडलं.

ठराव पास झाला. आगाशेंचा गाळा झाला तीन नंबर, डावीकडे दुसरा. आंधळ्यालाही सापडेल असा. त्यांनी त्याच दिवशी कंपनीला नवा पत्ता कळवला, सुखदेव पेंटरला बोलावलं, त्याच्या हातात स्वतः पट्टीनं आखलेला नकाशा ठेवला आणि ते फायली बांधून घ्यायला बुधवार पेठेत गेले. गुरुवारचा सगळा दिवस त्यात गेला. फायली मात्र अशा झाल्या, की नुसत्या बघूनच माणसानं पास करावं.

शुक्रवारी साडेआठला ते वसाहतीत शिरले. शिरोळ्यांच्या गाळ्यावर ठसठशीत काळ्या आकड्यात शेहेचाळीस लिहिलेलं होतं. आगाशेंना वाटलं, चष्म्याचा दोष. पुढं स्वतःच्या गाळ्याशी आले. तिथं चव्वेचाळीस.

"सुखदेव," ते म्हणाले. सुखदेव शिडी खांद्यावर घेऊन निघायच्या बेतात होता. "हे काय केलंस?"

"नकाशाबरहुकूम केलंय, साहेब."

"सुरुवात कुठून केलीस?"

"मुख्य फाटकापासून. ते तिकडं." त्यानं मागच्या फाटकाकडं बोट दाखवलं. तो मागच्या वस्तीत राहत होता. जन्मात कधी तो पुढच्या फाटकानं आला नव्हता.

"अरे, ते मागचं फाटक."

"आमाला तेच पुढचं हाय."

आगाशेंनी नकाशा मागून घेतला. एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना तेवीस तेवीस गाळे, दोन टोकांना दोन फाटकं. नियम पाठीमागं लिहिलेला, गाळ्यांत आकडा एकही नाही. उलटा धरा, सुलटा धरा, सारखाच. मुख्य फाटक कुठलं हे त्यांनी लिहिलंच नव्हतं. जे सगळ्यांना माहीत आहे ते कशाला लिहायचं, असं त्यांना नकाशा आखताना वाटलं होतं, हे त्यांना आता चांगलं आठवलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आणि मारुतीचा रंग ओला होता. पुसला तर भिंतभर काळं होणार, सुकायला संध्याकाळ उजाडणार.

"मग आता तीन नंबर कोणाचा झाला?" त्यांनी विचारलं.

"चकलीवाल्या ताईंचा," सुखदेव म्हणाला.

आगाशेंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कंपनीच्या बाईंना फोन लावला. नम्रता नावाच्या कोणी तपासायला येणार होत्या. फोन वाजत राहिला. त्यांनी निरोप टाकला: 'आमचा गाळा तीन आहे, पण त्यावर चव्वेचाळीस लिहिले आहे. तीन लिहिले आहे तिथे जाऊ नये.' पाठवल्यावर त्यांनी तो पुन्हा वाचला आणि त्यांना स्वतःचीच कीव आली. मग त्यांनी उत्तरेश्वरला पुढच्या फाटकात उभं केलं.

"गाडीतून बाई उतरतील. त्यांना सरळ आपल्याकडं आणायचं. भिंतीकडं बघू द्यायचं नाही."

"बघितलंच तर?"

"तर काहीतरी बोलत राहा."

"म्या काय बोलू? मला लेथचं सोडून काय येतंय?"

"मग लेथचं बोल."

अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. आगाशे दारात उभे. साडेअकराला उत्तरेश्वर धापा टाकत आला, पण पुढच्या फाटकाकडून नव्हे, मागून.

"मालक, मागं गलका ऐकून गेलतो, बाई कवाच आल्यात. फोनमधल्या नकाशानं त्यांना मागल्या फाटकानं आणलं. चिखलात गाडी रुतली व्हती, सुखदेवानं धक्का मारला. तीन नंबर कुठाय म्हणून त्यांनी त्यालाच इचारलं."

"आणि त्यानं सांगितलं?"

"छाती फुगवून सांगितलं. त्यानंच रंगवलाय न्हवं."

आगाशे धावले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस इस्त्रीच्या सदऱ्यात धावतोय, हे बघायला दोन्हीकडच्या गाळ्यांतली माणसं बाहेर आली. द्वारकाताईंच्या दाराशी ते पोचले तर दारात ताईंची बाई टोप्यांचा डबा घेऊन उभी.

"आधी हात धुवा. मग टोपी. मग आत."

"अहो, माझ्याकडच्या पाहुण्या चुकून इथं आल्यात."

"आल्या असतील. त्यांनीही हात धुतले."

आगाशेंनी हात धुतले, टोपी घातली आणि काचेतून आत पाहिलं. एक तिशीची मुलगी डोक्यावर टोपी, हातात फळी आणि कागद घेऊन द्वारकाताईंच्या मागं मागं चालली होती. त्यांच्या ध्यानात सगळा प्रकार आला. द्वारकाताईंकडं या आठवड्यात अन्न खात्याची तपासणी यायची होती. ताईंना वाटलं, याच त्या. आणि नम्रताला वाटलं, पितळेच्या कारखान्याला स्वच्छतेची फारच हौस दिसते.

आगाशे आत शिरले तेव्हा नम्रता विचारत होती, "ताई, सगळं व्हेरी गुड आहे, पण मशीनिंग कुठं होतं? आणि हा वास कसला येतोय?"

"भाजणीचा. सकाळीच दळून आलीये."

"भाजणी?"

"मग चकल्या कशाच्या करतात?"

नम्रतानं कागद बघितला, द्वारकाताईंकडं बघितलं, मग कढईकडं. "हा आगाश्यांचा कारखाना नाही?"

"आगाशे ते," द्वारकाताई शांतपणे म्हणाल्या. "टोपी घालून दारात उभे आहेत ते."

आगाशेंना धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं. चाळीस वर्षांच्या कामाची बाजू मांडायला ते तोंड उघडणार, तोच द्वारकाताई पुढं म्हणाल्या, "पितळेचं काम बघायचंय ना तुम्हाला? मग हे बघा की." आणि त्यांनी चकलीच्या मशीनला लावलेली जाळी काढून नम्रताच्या हातात दिली. पितळेची, चांदणीच्या भोकांची, ताटलीएवढी. "ही आगाश्यांकडची. आठ वर्षं झाली. रोज शंभर किलो पीठ यातून जातं. चकलीचा काटा अजून पहिल्या दिवसासारखा उठतो. दुसरीकडून आणलेल्या दोन जाळ्या सहा महिन्यांत गुळगुळीत झाल्या होत्या. यांनी ही बसवून दिली तेव्हा मी म्हटलं, माझी चकली बिघडली तर सगळ्या वसाहतीसमोर तुम्हाला सांगेन. अजून सांगायची वेळ आली नाही."

नम्रतानं पिशवीतून मापाचं यंत्र काढलं आणि एकेक भोक मोजायला सुरुवात केली. आगाशे बघत राहिले. जाळी त्यांनी केली होती हे ते पार विसरून गेले होते. दिवाळीच्या तोंडावर ताईंची अडचण झाली म्हणून एका रविवारी बसून केलेलं काम ते.

"आठ वर्षं," नम्रता स्वतःशीच म्हणाली. "आमच्या लॅबमध्ये बुश सहा महिने फिरवून बघतो आम्ही." मग ती आगाशेंकडं वळली. "चला सर, तुमचा गाळा दाखवा. आणि ताई, चकली टेस्ट केलेली चालेल का?"

पुढचा दीड तास नम्रतानं आगाशेंच्या गाळ्यात सगळं पाहिलं. उत्तरेश्वरनं तिच्यासमोर एक बुश कातून दाखवला आणि त्याची जीभ अशी सुटली, की तीच शेवटी म्हणाली, "काका, समजलं मला." जाताना तिनं फॉर्मवरचा पत्ता पाहिला, दारावरचा आकडा पाहिला, तीन खोडून चव्वेचाळीस लिहिलं आणि सही केली. आगाशेंनी ते पाहिलं. पण सही होताना माणसाला अडवायचं नसतं, एवढं व्यवहारज्ञान त्यांच्याकडं होतं.

बुधवारी दुपारी कंपनीचं पत्र आलं. कारखाना मंजूर. आगाशेंनी ते दोनदा वाचलं, मग उत्तरेश्वरला वाचून दाखवलं. त्यानं तोंडावरून रुमाल फिरवला आणि तो लेथपाशी जाऊन उगाच तेल घालू लागला. आगाशेंनी तिसऱ्यांदा पत्र वाचायला घेतलं, आणि तेव्हा त्यांना तळाची ओळ दिसली. मंजुरी गाळा क्रमांक चव्वेचाळीसला आहे. पत्त्यात कोणताही बदल झाल्यास तपासणी नव्यानं होईल.

बाहेर शिडी भिंतीला लागल्याचा आवाज आला. नंबर सुधारायला आगाशेंनीच बोलावलेला सुखदेव वर चढत होता.

"सुखदेव," आगाशे दारातून म्हणाले, "ब्रश डब्यात ठेव."

"साहेब, चार दिवस तुमीच माझ्या मागं लागला व्हता."

"आता नाही लागत. खाली ये, चहा घे."

शनिवारी सभा भरली. चिटणिसांनी ठराव वाचला: सुखदेवनं रंगवलेले नंबर आहेत तसेच ठेवावेत, आणि त्यासाठी वसाहतीचं मागचं फाटक यापुढं मुख्य फाटक समजण्यात यावं.

शिरोळे उभे राहिले. "म्हणजे आम्ही चाळीस वर्षं पुढं होतो ते आता मागं?"

"रंग पुन्हा काढायचा तर खर्च आहे. ठरावाला खर्च नाही," आगाशे म्हणाले. मग त्यांना वाटलं, इतक्या जुन्या सोबत्यांपुढं आडून बोलण्यात अर्थ नाही. त्यांनी पत्र काढून टेबलावर ठेवलं. "खरं सांगतो. माझी सात माणसं या आकड्यावर आहेत. हा बदलला तर मला पुन्हा उभं राहता येईल असं वाटत नाही."

मग द्वारकाताई म्हणाल्या, "माझं मत ठरावाला आहे. पण एक अट. मुख्य फाटक आमच्याकडं आणताय ना? मग मुख्य फाटकाला शोभेल असं करा. भंगार उचला, चिखलात मुरूम टाका, दिवे लावा."

मतदान झालं. मागच्या टोकाचे तेवीस गाळे ठरावाच्या बाजूनं, पुढचे बावीस विरुद्ध. राहिला एक, आगाशेंचा. त्यांनी हात वर केला. ठराव पास झाला. भंगार सोमवारी उचलायचं ठरलं, दिव्यांसाठी तिथंच तिघांनी आपली नावं दिली, आणि सुखदेवला नव्या मुख्य फाटकाला हिरवा रंग द्यायचं काम मिळालं.

शिरोळे हातातलं एक नंबरचं कार्ड उलटसुलट करत बसले होते. आगाशेंना वाटलं, हे आता वर्षभर बोलणार नाहीत. मग शिरोळ्यांनी घसा खाकरला.

"आगाशे, तुमचं काम झालं याचा मला आनंद आहे. मनापासून सांगतो. पण एक मुद्दा इतिवृत्तात घ्या. आमच्या मागच्या फाटकाशी रस्त्याला दोन खड्डे आहेत, पाटी पुसट झालीये, पहारेकरी दुपारी झोपतो. या वसाहतीत मागच्या बाजूकडं कोणी लक्षच देत नाही."

आगाशे उत्तर द्यायला वळले, पण त्यांच्या आधी द्वारकाताईच बोलल्या.

"होईल हो, शिरोळे," त्या म्हणाल्या. "टप्प्याटप्प्यानं होईल."