फारच तरुण कर्मचारी

पहिलं मूल फाटकातून आत आलं तेव्हा ताईला वाटलं, चुकून आलं असेल. दुसरं आलं तेव्हा वाटलं, पहिल्याला शोधायला आलं असेल. पण मग फाटकासमोर एकामागून एक गाड्या थांबायला लागल्या, दारं उघडायला लागली, आणि गळ्यात पाण्याची बाटली अन् हातात डबा घेतलेली पोरं शाळेच्या अंगणात अशी पसरली, की जणू कुणी गोट्यांची पिशवीच उपडी केली होती.

ताईने धावत जाऊन एका आईला गाठलं. "आज कसं काय आणलंत मुलांना?"

"म्हणजे काय? तुम्हीच तर कळवलंत," आई गाडीत बसूनच म्हणाली. इंजिन तिने बंदही केलं नव्हतं. "सकाळी सगळे हजर, डबा आणा, कुठलंही कारण चालणार नाही. मी म्हटलं, बरं झालं बाई, दोन दिवस आधीच सुरू केलं." आणि ताईला तोंड उघडायची संधी न देता ती निघूनसुद्धा गेली.

ताईने फोन काढला आणि रात्री पाठवलेला निरोप उघडून पाहिला. उन्हाळी शिबिर सोमवारी सुरू व्हायचं होतं. आज शनिवार. आज फक्त कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण होतं, आणि तो निरोप 'शिबिर – आपली माणसं' या गटावर जायचा होता. उत्साहाच्या भरात तो गेला होता 'शिबिर – आपली मुलं' या पालकांच्या गटावर. खाली पालकांनी आभारांचा पाऊस पाडला होता. दोन दिवस आधी का, असं एकानेही विचारलं नव्हतं. सुट्टीत पोरं घरात धरून बसलेले पालक असल्या वेळी प्रश्न विचारत नाहीत.

बिचाऱ्या कर्मचाऱ्यांना मात्र काहीच पत्ता नव्हता. तिने भराभर तिघांना फोन लावले. खेळाचे सर झोपेत होते. गाण्याच्या बाई दात घासत होत्या. हस्तकलेचा दादा म्हणाला, "आज? मला वाटलं तू आधी कळवशील." ताईने "आत्ताच्या आत्ता निघा" एवढंच सांगून फोन ठेवला.

तिच्या खऱ्या धास्तीचं कारण मात्र वेगळंच होतं. इतकी वर्षं हे शिबिर मोठ्या बाई चालवायच्या आणि ताई त्यांच्या हाताखाली रंगाच्या बाटल्या धुवायची. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, आणि संस्थेने शिबिर ताईच्या हाती दिलं, पण "बघू या, जमतंय का" अशा सुरात. म्हणूनच संस्था आज एक तज्ज्ञ बाई पाठवणार होती. त्यांनी दिवसभर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, त्यांना पारखायचं आणि शेवटी संस्थेच्या सचिवांना हो किंवा नाही कळवायचं. नाही आलं, तर शिबिर बंद. ताईची आणि तज्ज्ञ बाईंची गाठ आजवर फक्त फोनवर पडली होती. "कर्मचारी कसे आहेत?" त्यांनी विचारलं होतं. "सगळे अगदी तरुण आहेत," ताईने अभिमानाने सांगितलं होतं.

आता रडत बसायला वेळ नव्हता. ताईने मोठ्या मुलामुलींना दिवाणखान्याएवढ्या त्या सभागृहात गोलात बसवलं. त्यांत पुढाऱ्यासारखी बसली होती ती पंधरा वर्षांची वकीलीण. हे नाव तिला ताईनेच दिलं होतं, कारण पाणी पी म्हटलं तरी ती आधी कारण विचारायची. पहिलीत होती तेव्हापासून एकही उन्हाळा तिने चुकवला नव्हता.

"आम्ही इथं बसून काय करायचं?" वकीलिणीने विचारलं.

"काही नाही. फक्त शांत बसायचं."

"आणि कुणी काही विचारलं तर?"

"तर खरं काय ते सांगायचं," ताई म्हणाली आणि लहान मुलांकडे धावली. हे वाक्य तिला पुढे चांगलंच भोवणार होतं.

अंगणात तोवर बुलेट सायकलींच्या शेडवर चढला होता. बुलेट सहा वर्षांचा होता आणि चालणं त्याला माहीतच नव्हतं, तो फक्त सुटायचा. शेडच्या पत्र्यावर पालथा पडून तो खालच्या मुलांवर पाण्याच्या बाटलीतून पाऊस पाडत होता. ताई बाकावर चढली, तिने हात उंचावून त्याचा एक पाय पकडला, आणि तिथेच सगळं अडलं. पाय सोडला तर तो पलीकडे सुटणार, आणि ओढला तर खाली पडणार. ती तशीच हात वर करून उभी राहिली. बाटलीतलं उरलेलं पाणी तिच्या डोक्यावर रिकामं झालं.

नेमक्या त्याच वेळी शेडसमोरच्या उघड्या खिडकीतून तिला सभागृहातला एक मऊ, ओळखीचा आवाज ऐकू आला.

"छान. सगळे वेळेवर हजर आहात. मला सांगितलं होतं तुम्ही तरुण आहात, पण इतके असाल असं वाटलं नव्हतं."

तज्ज्ञ बाई मागच्या दाराने आत गेल्या होत्या. ताईने ओरडायला तोंड उघडलं आणि बुलेटने पाय झटकला. तिला पाय धरावा की तोंड उघडावं हे ठरवता येईना. तिने पाय धरला.

"तुमच्यापैकी या शिबिराचा अनुभव कुणाला आहे?" तज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"मला," वकीलिणीचा आवाज आला. "मी पहिलीपासून इथंच आहे."

"म्हणजे अगदी पायापासून. सुरेख. आणि लहान मुलं सांभाळायचा अनुभव?"

"धाकटा भाऊ आहे. रोज सांभाळते."

"पगार कमी वाटतो का?"

"पगार देतच नाहीत," वकीलीण म्हणाली. तज्ज्ञ बाई हेलावून गेल्या असाव्यात, कारण पाठोपाठ नाक शिंकरल्याचा आवाज आला.

वकीलीण अक्षरशः एकही शब्द खोटा बोलली नव्हती. ताईच्या हाताला कळ लागली होती, केसांतून पाणी गळत होतं, आणि आत प्रशिक्षण रंगात आलं होतं. तज्ज्ञ बाई सांगत होत्या, की चिडलेल्या मुलाला आधी सांगायचं, तुला राग आलाय हे मला दिसतंय. मग त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं. आणि हुकूम सोडायचा नाही, दोन पर्याय द्यायचे, दोन्ही आपल्याला चालतील असे. मुलं भारल्यासारखी ऐकत होती. आपल्यावर वर्षानुवर्षं कोणते डाव टाकले जातात, हे त्यांना आज प्रथमच कुणी उघड करून सांगत होतं.

"आता प्रत्यक्ष सराव करू," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "अंगणात लहान मुलं आलेली दिसतायत. संस्थेने सरावासाठी मुलंसुद्धा बोलावली, फार चांगली कल्पना. चला."

सगळी फौज अंगणात आली. वकीलीण थेट शेडपाशी आली. तिने वर पाहिलं, मग ताईला जरा बाजूला सरकवून ती बाकावर चढली. बुलेटने वळून खाली डोकावलं आणि तिचे डोळे बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर आले.

"तुला वर मज्जा येतेय, मला दिसतंय," ती म्हणाली. "आता तू उतरून पाणी पिणार, की पाणी पिण्यासाठी उतरणार?"

बुलेटने बराच विचार केला. त्याच्या बाटलीत आता थेंबही नव्हता. "उतरून पिणार," तो म्हणाला आणि गपचूप खाली आला. ताईचा हात रिकामा होऊन हवेतच राहिला.

तज्ज्ञ बाईंनी टाळ्या वाजवल्या. ताई भिजलेली, धुळीने माखलेली, तशीच त्यांच्यासमोर गेली. "बाई, ऐका ना, थोडा घोटाळा झालाय. ही मुलं म्हणजे..."

तज्ज्ञ बाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या मुलांकडे वळल्या. "हे बघा, आपल्याला अनायासे संधी मिळाली. मुलाला सोडून निघताच येत नाही अशी आई. प्रत्येक शिबिरात एक असतेच. हिला कसं हाताळाल?"

वकीलीण पुढे झाली. तिने ताईचा हात हातात घेतला. "तुम्हाला काळजी वाटतेय, मला दिसतंय," ती म्हणाली. आजवर तिने ताईला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"अगं, तू तरी सांग ना त्यांना," ताई दातांतल्या दातांत म्हणाली.

"त्यांनी मला विचारलंच नाहीये," वकीलीण तितक्याच हळू म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "तुम्ही त्या झाडाखाली बसून बघणार, की बघायला झाडाखाली बसणार?"

ताईने आजूबाजूला पाहिलं. मोठी मुलं दोन-दोन लहानग्यांना घेऊन पांगली होती. कुणी दोरीउड्या मांडल्या, कुणी मातीत नकाशा काढून खजिना लपवला. जिथे भांडण लागलं तिथे कुणीतरी चटकन गुडघे टेकून बसत होतं. आजवरच्या कुठल्याही उन्हाळ्यात पहिल्या दिवशी रडारड झाली नाही असं घडलं नव्हतं, आणि आज एक पोर रडत नव्हतं. तिला एकीकडे धडधडत होतं आणि दुसरीकडे नाचावंसं वाटत होतं. ती मुकाट्याने झाडाखाली जाऊन बसली.

इतक्यात खेळाचे सर धावत फाटकातून आत आले. घाईत त्यांनी टी-शर्ट उलटा घातला होता. मागोमाग गाण्याच्या बाई आणि हस्तकलेचा दादा. सर दम लागलेल्या आवाजात म्हणाले, "सोडा, सोडा, आता आम्ही बघतो."

तज्ज्ञ बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, अजून पालक येतायतच का?"

हडकुळा, चष्मा घातलेला एक मुलगा लगेच सरांसमोर उभा राहिला. सरांच्या डोळ्यांच्या पातळीवर येण्यासाठी त्याला टाचा उंचावाव्या लागल्या. "तुम्हाला उशीर झाल्याचं वाईट वाटतंय, मला दिसतंय," तो म्हणाला. सर खरोखरच वरमले. थोड्या वेळाने तेही झाडाखाली येऊन बसले, आणि बाकीचे दोघेही.

"हे काय चाललंय?" गाण्याच्या बाईंनी कुजबुजत विचारलं.

"शिबिर," ताई म्हणाली.

"आणि आपण कोण?"

"पालक."

हस्तकलेच्या दादाचं अजून लग्नही झालं नव्हतं. तो काहीतरी म्हणणार होता, पण एका मुलीने त्याला ओठांवर बोट ठेवून खूण केली आणि तो गप्प बसला.

दुपारी डबे खाऊन झाले, लहान मुलं सावलीत पेंगायला लागली. ताईला मात्र आता बसवेना. हे असंच पुढे गेलं तर तिला शिबिर मिळेल, हे तिला कळत होतं. पण ते मिळेल अशा कर्मचाऱ्यांच्या जोरावर, ज्यांना सोमवारी स्वतःच शिबिरार्थी म्हणून यायचं होतं. ती उठली आणि तज्ज्ञ बाईंपुढे उभी राहिली.

"बाई, मी आई नाहीये. मीच ताई आहे. हे शिबिर मी चालवते."

तज्ज्ञ बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. "तुम्हाला आज खूप बाजूला पडल्यासारखं वाटलं असेल," त्या म्हणाल्या. "साहजिक आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"अहो, खरंच सांगतेय."

"हो हो. शांत व्हा. मी आता त्या ताईंनाच फोन करते. सकाळपासून त्यांचा पत्ता नाही, पण कर्मचारी मात्र काय तयार केलेत." त्यांनी फोन कानाला लावला.

ताईच्या खिशात फोन वाजला. तिने तो काढला आणि उचलला. "हॅलो," ती म्हणाली.

तज्ज्ञ बाईंना तो हॅलो दोन्ही कानांनी ऐकू आला. त्या फोन धरूनच ताईकडे बघत राहिल्या. 

"मग तुमचे कर्मचारी कुठे आहेत?" त्यांनी फोनमध्येच विचारलं.

ताईने झाडाखालच्या तिघांकडे बोट केलं. खेळाच्या सरांनी उभं राहून नमस्कार केला, तेव्हा उलट्या टी-शर्टची शिवण अगदी ठळक दिसली.

तज्ज्ञ बाई सावकाश वकीलिणीकडे वळल्या. "आणि तुम्ही कोण?"

"आम्ही मुलं," वकीलीण म्हणाली. "हे मात्र तुम्ही सकाळी विचारायला हवं होतं."

तज्ज्ञ बाईंनी फोन बंद केला. मुलांचं मन नुसत्या चेहऱ्यावरून कसं ओळखावं, यावर त्या गावोगाव व्याख्यानं देत. हे ताईला ठाऊक होतं, आणि ताईला ठाऊक आहे हे बाईंनाही ठाऊक होतं.  तेवढ्यात बाईंच्या हातातला फोन पुन्हा वाजला. संस्थेचे सचिव होते.

"हो, झालं प्रशिक्षण," बाई म्हणाल्या. "कर्मचारी? तरुण आहेत. फारच तरुण आहेत." त्या थांबल्या.  "मुलं अजिबात रडली नाहीत. ताई? प्रामाणिक आहेत. जरा जास्तच. सोमवारपासून सुरू करू द्यायचं का म्हणजे काय? अहो, सुरू झालंय."

खेळाच्या सरांनी हस्तकलेच्या दादाला मिठीच मारली. बुलेट जागा झाला आणि कारण माहीत नसताना अंगणभर सुटला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते केसांतलं आहे असं भासवून पुसलं.

"पण तुमच्या या खऱ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण राहिलंच," तज्ज्ञ बाई पिशवी उचलत म्हणाल्या. "आणि उद्या मला अजिबात वेळ नाही."

सगळ्यांच्या नजरा आपसूक एकाच ठिकाणी वळल्या. वकीलिणीने थोडा विचार केला.

"सकाळी जमेल मला," ती म्हणाली. "पण हे तिघे मोठे आहेत, एकटीला आवरायचे नाहीत. हाताखाली कुणीतरी लागेल." तिने ताईकडे पाहिलं. "ताई, तू मोकळी आहेस का उद्या?"

"आहे," ताई म्हणाली, आणि येताना काय काय आणू, हेही तिने लगेच विचारून घेतलं.