एका कपाटाला दोन गाड्या

ट्रक चालवण्यात माझी हयात गेली. डोळे मिटून ऐकलं तरी इंजिनाला कुठे दुखतंय ते मी सांगतो. त्यामुळे परवा सकाळी लेकीचा फोन आला तेव्हा मी छाती फुगवूनच बोललो.

ती म्हणाली, "बाबा, आईचं कपाट मला हवंय. ट्रक चालू होत असेल तर घेऊन या. नाहीतर दुपारी टेम्पो पाठवते. उगाच दगदग नको."

"घरचा ट्रक असताना टेम्पो कशाला? तासाभरात ठणठणीत करतो."

"बरं. झाला की कळवा. मी मध्येमध्ये फोन करतेच."

खरं सांगू का, कपाटाचं मला काही पडलेलं नव्हतं. मला जायचं होतं. लेक एरवीही 'या' म्हणते, नाही असं नाही. पण हात हलवत जाऊन जावयाच्या घरी किती दिवस बसणार? कपाट घेऊन आलेल्या बापाची गोष्ट वेगळी. टेम्पो आला असता तर कपाट गेलं असतं आणि मी इथेच राहिलो असतो. आमची ही गेल्यापासून घर नुसतं खायला उठतं. भाजी खारट झाली तर तक्रार कोणाकडे करायची, हासुद्धा प्रश्नच आहे.

ट्रकही तेव्हापासून अंगणात उभाच. किल्ली फिरवली तर सुरू झाला, पण कसा? दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. खोकतोय काय, थरथरतोय काय, मध्येच गप्प बसतोय काय. आमच्या भाषेत इंजिन मिसिंग मारत होतं, म्हणजे एक सिलिंडर आराम करत होता आणि बाकीचे त्याचं ओझं ओढत होते. आळशी कोण ते शोधायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवून डिझेल सोडणाऱ्या एकेका नोझलचा नट सैल करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, की समजायचं, चोर सापडला.

अडचण एवढीच की मी बॉनेटखाली असताना ॲक्सिलरेटरवर कोणाचा तरी पाय लागतो. तो पाय इतकी वर्षं हिचा होता. केबिनमध्ये बसून ती शेंगा सोलायची आणि मी 'सोड' म्हणायच्या आत पाय उचलायची. आता पाय आणायचा कुठून?

शेवटी झाडूचा दांडा आणला आणि सीट आणि ॲक्सिलरेटर यांच्यामध्ये ठोकून बसवला. बसला तो असा बसला, की इंजिनाने डरकाळीच फोडली आणि मागून काळ्या धुराचा लोट निघाला, तो थेट शेजारच्या मास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर. मी धावत जाऊन दांडा ओढला. तोवर बाई कुंपणापाशी हजर.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"बाई, चादरी मी धुऊन देतो. पण आधी जरा आत बसता का?"

"कुठे आत?"

"ट्रकमध्ये. पाय द्यायला."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गातून बाहेर काढलेला पोरगा कसा दिसत असेल ते मला कळलं. मग सगळी हकिगत सांगितली. लेकीचं नाव निघाल्यावर त्या नरमल्या. चपला खाली काढून, पदर खोचून वर चढल्या.

आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून खूण ठरली. मी पान्याने एकदा ठोकलं की दाबायचं, दोनदा ठोकलं की सोडायचं. बाई हुशार, काम झकास चाललं. पहिला सिलिंडर ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याचा नट सैल केला, आवाजात तसूभर फरक नाही. चोर सापडला! त्या आनंदात पाना हातातून निसटला आणि तीन ठिकाणी आपटत खाली गेला. तिसऱ्या ठोक्याचा अर्थ बाईंना शिकवलेला नव्हता. त्यांनी आपल्या बुद्धीने हॉर्न दाबला.

हॉर्न अडकला. गल्लीतली झाडून सगळी माणसं बाहेर आली. कोणी म्हणालं आग लागली, कोणी म्हणालं मास्तरीणबाईंना कोंडून ठेवलंय. हॉर्नची वायर सापडेपर्यंत अंगणात जत्रा जमली होती. पण जमलेली माणसं वाया गेली नाहीत. मी नोझल काढून साफ करून बसवेपर्यंत त्यांनी कपाट उचलून ट्रकमध्ये चढवलंसुद्धा. पुन्हा किल्ली मारली, तर इंजिन कसं, झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखं. मग प्रत्येकाला ते ऐकायचं होतं. बाईंनी पाय काढायला साफ नकार दिला. आम्ही पार दुपारपर्यंत इंजिन ऐकत बसलो. इतकी माणसं माझ्या दारात कधी आली होती आठवेना, म्हणून मीही बंद करायची घाई केली नाही.

एवढ्यात फाटकात टेम्पो उभा. ड्रायव्हर म्हणाला, "कपाट न्यायला आलोय. तुम्ही फोन उचलत नव्हतात, म्हणून ताईंनी पाठवलं."

आधी हॉर्नच्या आणि मग इंजिनाच्या गोंगाटात फोन ऐकू येणार कसा?

"कपाट चढलंय. तू जा परत," मी म्हणालो.

"रिकामा परत गेलो तर ताई मला काय म्हणतील? मी मागून येतो."

मी कपड्यांची पिशवी सीटवर टाकली आणि असे आम्ही निघालो. पुढे ट्रकमध्ये कपाट, मागे टेम्पोत हवा. अर्ध्या वाटेवर ट्रकने दोन आचके दिले आणि थांबला. मी बॉनेट उघडून डोकं आत घातलं. टेम्पोवाला आला, त्याने टाकीचं झाकण काढून आत पाहिलं आणि म्हणाला, "काका, डिझेल संपलंय."

अर्धा दिवस इंजिन ऐकल्यावर दुसरं काय होणार?

"पंप पुढेच आहे, घेऊन येऊ?"

मी जरा विचार केला. म्हटलं, "नको. दोर आहे का?"

लेकीच्या दारात आम्ही पोचलो ते उलट्या क्रमाने. पुढे टेम्पो, मागे दोराला बांधलेला ट्रक, स्टिअरिंगवर मी. लेक आणि जावई धावत बाहेर आले.

"काय झालं बाबा?" जावयाने विचारलं.

मी खाली उतरून दोराची गाठ सोडायला वाकलो. लेक ट्रकला वळसा घालून गेली. याच केबिनमध्ये वाढलेली पोर ती. तिने टाकीवर बोटांनी टकटक केली. टाकी ठणठण वाजली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग सीटवरच्या पिशवीकडे पाहिलं. मी आपला चपलेचा अंगठा नीट करू लागलो.

मग ती नवऱ्याला म्हणाली, "इंजिनाचं मोठं काम निघालंय हो. महिना तरी लागेल. बाबांची पिशवी आतल्या खोलीत ठेवा."

आता तुम्हीच सांगा, मी एक शब्द तरी खोटं बोललो का?