डॉक्टरांची रेडिओवरची कविता

दातांचे डॉक्टर ती गोष्ट नेहमी पेशंटच्या तोंडात कापूस भरल्यावरच सुरू करत. सहाव्या वर्षी रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात त्यांनी मुंगीची कविता एका दमात म्हटली होती आणि स्टुडिओत अशा टाळ्या पडल्या होत्या, की काचा हादरल्या! पेशंट "आं... आं..." करी. डॉक्टर ती दाद समजत.

एकदा मात्र खुर्चीतले गृहस्थ रेडिओ केंद्रातलेच निघाले. कापूस काढल्याबरोबर ते म्हणाले, "जुन्या टेपा सध्या झाडूनपुसून काढतोय. तुमची सापडली तर शनिवारी अकराला लावतो!"

टेप सापडली. डॉक्टरांनी येईल त्या पेशंटला आमंत्रण दिलं. थोरल्या बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "कशाला रे एवढी गर्दी जमवतोस? घरातल्या घरात ऐकू."

"ताई, जळतेस तू!"

शनिवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ताईही येऊन कोपऱ्यात बसली होती. रेडिओचे सेल संपलेले निघाले, म्हणून नर्सबाईंनी भिंतीवरच्या घड्याळातले काढून त्यात घातले. त्यामुळे घड्याळ पावणेअकरावर थांबलं आणि त्याच्याकडे बघत डॉक्टरांचं प्रास्ताविक लांबतच गेलं. शेवटी गाल सुजलेल्या एका आजोबांनी मनगट पुढे केलं. "अहो, अकरा वाजून गेले!"

डॉक्टरांनी झडप घालून रेडिओ लावला. निवेदिका गोड आवाजात विचारत होती, "हं, बाळ, म्हण बरं कविता."

शांतता. मग एकदम भोकाड. "मला घरी जायचंयऽ! माझा दात हलतोयऽ!"

"बघू, कुठला?" निवेदिकेने विचारलं.

"हात नाही लावायचाऽ! आईऽऽ!"

रेडिओवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि एका मुलीने खणखणीत आवाजात अख्खी कविता म्हटली. टाळ्यांचा कडकडाट झाला. इकडे आजोबा सुजलेला गाल दाबून धरून हसत सुटले आणि मग कुणालाच आवरेना.

डॉक्टरांनी हळूच ताईकडे पाहिलं. "तू?"

"मग काय करणार? घरी गेल्या गेल्या तू आईला सांगितलंस, 'मी म्हटली.' आई मला म्हणाली, असू दे. मग मी असू दिलं."

"साठ वर्षं?"

"तू इतकं रंगवून सांगायचास रे! मलाच खरं वाटायला लागलं होतं."

डॉक्टर क्षणभर गोरेमोरे झाले. मग त्यांनाही हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेवढ्यात फोन वाजला. केंद्रातले गृहस्थ होते.

"डॉक्टर, श्रोत्यांचे फोन थांबत नाहीयेत! टेपेच्या डबीवर ताईंचंही नाव आहे. पुढच्या शनिवारी दोघं पुन्हा याल?"

डॉक्टरांनी कॉलर सारखी केली. "येईन की! आता पाठ आहे मला कविता."

"कविता ताई म्हणतील हो," पलीकडून अदबीने उत्तर आलं, "तुम्ही आपलं ते पहिलं तेवढं करा."