डिकीतला मानाचा कोंबडा

मी रागीट आहे, हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. पण माझी योजना कधी चुकत नाही, हेही सगळ्यांनी माहीत करून घ्यावं! गावकीच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं होतं, "यंदा राखणीचा कोंबडा गाडीतून जाईल. एसीत!"

नऊ वर्षांनी राखणीचा मान आमच्या घरात आला होता. राखण म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना आत्ताच सांगतो, मागाहून प्रश्न विचारून माझं डोकं खाऊ नका. पेरणीच्या आधी, वैशाखातल्या एका रविवारी, वेशीवरच्या म्हसोबाला गावातर्फे कोंबडा द्यायचा. दर वर्षी एका घराचा मान. घरी गाऱ्हाणं घालून कोंबडा ठरला की तो बदलायचा नाही. निघाला की मातीला टेकवायचा नाही. आणि दुपारी बाराच्या आत पोचवायचा. नाही जमलं, तर मान पुढच्या घराकडे. आमच्या पुढचं घर कुणाचं? माझ्या चुलतभावाचं, विनेशचं! म्हणून त्याच्याकडेही त्या दिवशी एक कोंबडा तयार असतो. भावकी असावी तर अशी, पर्यायी कोंबड्यासकट!

मागच्या खेपेला आमच्या बाबांनी कोंबडा काखेत धरून, अनवाणी, चालत नेला होता. बाबा आता नाहीत. त्यांच्यामागे पहिल्यांदाच हा मान माझ्या हातून जायचा होता. तो साधासुधा कसा जाईल?

गाडी मी नवी मुंबईहून आणली होती. परदेशी, काळी, लांबलचक. एका हाताची जुनी, पण आमच्या गावाला पहिलीच. आतली कातडी गादी सायीच्या रंगाची. मागे डिकीवर, बरोब्बर मध्यभागी, मी स्वतःच्या हातानं लाल अक्षरांचा स्टिकर लावला होता, 'श्री म्हसोबा प्रसन्न'. तिथे पत्र्यात एक बारका खळगा होता, तोही ताणून असा झाकला की कुठे सुरकुती दिसेल तर शपथ!

रविवारी सकाळी सातलाच मी गाडी अंगणात उभी केली. चारी दारं उघडी टाकली, आतले दिवे लावले, म्हसोबाची गाणी मोठ्यानं लावली आणि झेंडूच्या माळा बांधायला घेतल्या. इंजिन बंदच होतं. उगाच पेट्रोल कशाला जाळा? साडेनऊपर्यंत गाणी वाजली. शेवटी शेवटी गाणारा जरा आजारी वाटायला लागला, पण मी म्हटलं, भक्तीनं गळा दाटून आला असेल.

माझी बायको कल्पिता म्हणाली, "अहो, पंधरा मिनिटांची वाट. काखेत धरा आणि चालू पडा. मामंजी नव्हते का गेले?"

"तेव्हा गाडी नव्हती!"

"मग मांडीवर तरी घ्या त्याला."

"सायीच्या रंगाच्या गादीवर कोंबडा? आणि त्यानं कार्यक्रम उरकला तर?"

कोंबडा डालग्यात घातला, डालगं डिकीत ठेवलं, डिकी धाडकन लावली. हार घातला, नारळ फोडला, ऐटीत बसलो, बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. ह्या खेपेला तेवढंही नाही! गाणी गेली, दिवे गेले, काट्यांनी मान टाकली. मागून मात्र कोंबडा आरवला. सगळ्या गाडीत तेवढंच एक चालू होतं.

"बॅटरी उतरली असंल," कुंपणापलीकडून विनेश म्हणाला. त्याच्या काखेत त्याचा कोंबडा. दोघंही माझ्याकडे सारखेच बघत होते.

"तुला कुणी विचारलं?" मी म्हटलं आणि मोरूला फोन केला. मोरू आमच्या तिठ्यावर स्कूटर दुरुस्त करतो. चारचाकीच्या कामात तो लांबच्या नातेवाइकासारखा वावरतो, म्हणजे फोटोपुरता. पण रविवारी दुसरा कोण मिळणार?

मोरूनं बॉनेट उघडलं. आत डोकं घातलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग गुडघ्यावर बसून खालून बघितलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा दवाखान्यातून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखा.

"विसूदादा, हिला बॅटरीच न्हाय!"

"नाही म्हणजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय. कुनीतरी काढून नेलीन."

माझ्या डोक्यात पाणी उकळलं! काल संध्याकाळी गाडीभोवती चकरा कोण मारत होतं? विनेश! काचेला नाक लावून आत कोण बघत होतं? विनेश! माझा कोंबडा पोचला नाही तर मान कुणाला? विनेशला! पुरावा अजून किती पाहिजे?

मी कुंपणाशी गेलो आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडलो, "विन्या! बॅटरी आण!"

"कसली बॅटरी?"

"चोरलेली! मान पाहिजे होता तर तोंडानं मागायचा होतास. रात्रीचे धंदे कशाला?"

विनेशनं फक्त कोंबडा ह्या काखेतून त्या काखेत घेतला. मग सावकाश म्हणाला, "दादा, मघाशी दोन तास गानी वाजत व्हती, ती काय तुजी बॅटरी माज्या घरात बसून वाजवीत व्हती?"

आळीतले लोक हसले. हसणाऱ्यांची नावं माझ्याकडे आहेत!

तरीही मी मागे हटलो नाही. ज्यानं गाडी विकली त्याला फोन लावला. "बॅटरीशिवाय गाडी विकतोस? लाज वाटत नाही?"

"अरे शेठ, शांती रखो ना," तो म्हणाला. "इसका बॅटरी आगे नहीं होता. पीछे, डिक्की में है."

"डिकीत? डिकीत काय बॅटरी ठेवायची जागा आहे?"

"कंपनी ने रखा है शेठ, मैंने थोडी रखा."

"बरं. डिकी उघडत नाही."

"बटन दबाओ."

"बटणाला करंट कुठून आणू?"

"बॅटरी से."

"आणि बॅटरी कुठाय?"

"डिक्की में."

मी फोन कानापासून लांब धरून एकदा आकाशाकडे बघितलं. मला सांगा, हे डोकं कुणाचं? बॅटरी मेली म्हणून डिकी उघडत नाही, आणि डिकी उघडत नाही म्हणून मेलेली बॅटरी बदलता येत नाही! ज्या साहेबानं हे कागदावर काढलं, त्याला एकदा वैशाखात आमच्या अंगणात उभा करा. विहिरीचा रहाट विहिरीच्या तळाशी बसवणारा माणूस तो! एवढी शिकलेली माणसं, गळ्यात पट्टे लावून थंड खोलीत बसतात, त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही, की कधीतरी ह्या डिकीत कोंबडा असू शकतो?

विनेश कुंपणापलीकडून म्हणाला, "म्हंजे बॅटरी सापडली म्हनायची."

मी ऐकलंच नाही असं केलं.

फोनवरचा सांगत होता, "रिमोट खोलो, अंदर छोटा चावी है. डिक्की पे चावी का होल है, उसमें डालो." मोरूनं रिमोट उघडला. खरंच, आत काडेपेटीतल्या काडीएवढी चावी! आम्ही भोक शोधायला लागलो. नंबरप्लेटच्या मागे नाही. दिव्यांच्या मागे नाही. बंपरखाली मोरू पालथा पडून सरपटला, तिथेही नाही.

"भोक नाहीये!" मी फोनवर किंचाळलो.

"होल है शेठ. मैं झूठ बोलेगा?" आणि त्यानं फोन ठेवला. परत लावला तर बंद! अकरा वाजले होते.

तेवढ्यात कोंबडा पुन्हा आरवला. पण आवाज सकाळचा नव्हता. मघाचा गाणारा जसा खोल जात गेला, तसाच.

"अहो, मरेल तो आत!" कल्पिता रडकुंडीला आली.

आणि मग आमच्या अंगणात जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. बारा वाजता ज्याची मान कापायची, त्याचा जीव वाचवायला सगळी आळी धावली! कुणी भिजलेली गोणपाटं डिकीवर टाकली. कुणी हंड्यानं पाणी ओतलं. मोरूनं मागची गादी उचकटली, सायीच्या रंगाची, आणि तिच्यावर तेलाचे दहा पंजे उमटवले. गादीमागे पत्रा निघाला, आणि पत्र्यात मूठही धड जाईना एवढी फट. कल्पितानं पपईच्या पानाचा पोकळ देठ आणला, फटीतून आत सरकवला आणि दुसऱ्या टोकानं पाणी सोडायला लागली.

"पी रे बाळा. धीर धर. आत्ता काढतो हां तुला."

"अगं, कापायचाय त्याला!"

"तुम्ही गप्प बसा! तहानेला मारणार का त्याला?"

मोरू हळूच म्हणाला, "दादा, पत्रा कापू? माज्याकडं कटर हाय."

नव्या गाडीला कटर! मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो दोन पावलं मागे सरकून तुळशीवृंदावनावर आपटला.

सव्वाअकराला बाळाजीकाका आले. म्हसोबाची पूजा आणि गाऱ्हाणी त्यांच्याकडे असतात. वय ऐंशी, हातात शेंदराची वाटी. मानकरी आला नाही म्हणून बघायला चालत आले होते. पंधरा मिनिटांत! काही विचारायच्या आधी त्यांनी डिकीवर देवाचं नाव बघितलं. मग काय, देवाचं नाव दिसलं की त्यांचा हात थांबतो का? चपला काढल्या, गोणपाट बाजूला सारलं, बोट शेंदरात बुडवलं आणि नावाला टिळा लावला.

बोट आत गेलं.

"विश्वंभरा," काका म्हणाले, "तुझ्या म्हसोबाला हितं भोक हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सुपारीच्या झाडांकडे बघितलं. यंदा सुपारी बरी धरली आहे.

"फाडा स्टिकर!" मी म्हटलं.

कुणी हललं नाही. देवाचं नाव आहे! राखणीच्या दिवशी, वेशीवरच्या म्हसोबाचं नाव नखानं कोण खरवडणार? मोरूनं हात पाठीमागे बांधले. आणि खरं सांगतो, माझाही हात पुढे झाला नाही. मी तहसीलदाराला तोंडावर बोललेला माणूस आहे. पण म्हसोबा तहसीलदार नाही, त्याची बदली होत नाही!

"गाऱ्हानं घालावं लागंल," काका म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. काकांनी डिकीसमोर उभं राहून सुरुवात केली. "बा म्हसोबा, तू वेशीचा राजा, बांधाचा धनी! ह्या लेकरानं तुजं नाव भोकावर चिकटवलं, ती चूक पोटात घाल!"

"व्हय रे देवा!" आळी म्हणाली.

"पंधरा मिन्टांची वाट असून तुजा कोंबडा मोटारीत कोंडला!"

"व्हय रे देवा!" ह्यात कल्पिताचा आवाज सगळ्यात मोठा.

"आनि सख्ख्या चुलत्याच्या पोरावर चोरीचा आळ घेतला!"

"व्हय रे देवा!"

काका थांबले. "विश्वंभरा, तुजा आवाज न्हाय आला."

"मी मनात म्हटलं."

"देव मनात ऐकतो. विनेश कानांनी ऐकतो."

पंचवीस मिनिटं उरली होती. आत कोंबडा, मागे आळी, समोर म्हसोबा. "व्हय रे देवा," मी म्हटलं. बाबांच्या तेराव्याला सुद्धा माझा आवाज एवढा बारीक झाला नव्हता.

"ज्याच्यावर आळ, त्याच्या हातानं उघडू दे," काका म्हणाले. विनेशनं आपला कोंबडा काकांच्या हातात दिला, नावाला नमस्कार केला, काडीएवढी चावी शेंदराच्या टिळ्यात खुपसली आणि फिरवली. खट्!

डिकी वर गेली. डालगं आडवं, आणि त्याच्यावर माझा कोंबडा उभा. ओला, पिसं फुगलेली, डोळे लाल. आमच्या घरातल्या आरशात मी असा माणूस रोज बघतो. विनेशनं अलगद दोन्ही हात पुढे केले, कोंबडाही मान वाकडी करून त्या हातांवर पाय ठेवणार होता, आणि अशा वेळी जे करायला नको तेच मी केलं.

"धरा!!" मी बोंबललो.

कोंबडा उडाला. विनेशच्या खांद्यावरून, मोरूच्या डोक्यावरून, आणि दोन्ही पायांनी धपकन उतरला. सकाळी सारवलेल्या अंगणात. मातीवर.

मातीला टेकला, म्हणजे मान गेला. नऊ वर्षं, आणि एका ओरडण्यात गेला!

विनेशनं आपला कोंबडा काकांकडून परत घेतला. मला वाटलं, आता हा टोमणा मारणार. मीही उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत! तो म्हणाला, "चल दादा. नारळ तू फोड. उशीर व्हईल."

चपला शोधायला वेळ नव्हता. तापलेल्या डांबरावरून मी त्याच्या मागे अनवाणी गेलो. बाराला पाच कमी असताना आम्ही पोचलो. चालत.

आता तुम्ही विचाराल, गाडीचं काय झालं. मातीला टेकलेल्या मानाच्या कोंबड्याला आमच्याकडे कापत नाहीत, विकत नाहीत, हाकलतही नाहीत. जन्मभर सांभाळायचा. मी डिकी पुन्हा बंद होऊ नये म्हणून तिला दोरी बांधून ठेवली. सोमवारी मोरू नवी बॅटरी घेऊन आला, तर आत तोच बसलेला, नेमका बॅटरीच्या झाकणावर. हात पुढे केला की चोच मारतो. मोरूच्या अंगठ्याला तीन टाके पडले. ह्याला आज सतरा दिवस झाले. कल्पिता त्याला तिथेच तांदूळ घालते आणि "उठवू नका हो, आत्ताच डोळा लागलाय" असं मला सांगते.

डिकी उघडी आहे. बॅटरी दिसते आहे. नवी बॅटरी पडवीत तयार आहे. मी मात्र बाजाराला चालत जातो.