पन्नासला चिकटलेले जावईबापू

"अहो, तुम्ही बाथरूममध्ये उभं राहून माझा फोटो का काढताय?" बायकोनं भांडी विसळता विसळता विचारलं.

"कारण स्वयंपाकघरातून तू मावत नाहीयेस," जावईबापू म्हणाले, आणि वाक्य तोंडातून निसटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे कुठल्याही नवऱ्यानं कुठल्याही बायकोला म्हणू नये. पण तोवर ओला डाव त्यांच्या रोखानं वळला होता.

खरं तर यात त्यांचा काही दोष नव्हता. दोष होता पन्नास या आकड्याचा. जावईबापूंच्या कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स आली होती ती सगळ्यांना मिळते तीच, जवळचं लांबचं सगळं करणारी आणि घरातल्या उजेडात मात्र हात टेकणारी. बाहेर उन्हात ठीक. घरात दिवे लावून फोटो काढला की सगळी माणसं धुरातून आल्यासारखी दिसायची. मेव्हण्याच्या लग्नातल्या त्यांच्या फोटोत मेव्हणा कोणता आणि मागचा पडदा कोणता, यावर सासरी अजून एकमत झालेलं नाही.

यावर उपाय एकच होता, प्राइम लेन्स. ती झूम करून मागेपुढे होत नाही, पण तिचं तोंड असं आ वासून उघडतं की अंधाऱ्या खोलीतसुद्धा उजेड घळाघळा आत येतो. आता ती पस्तीस मिलिमीटरची घ्यायची की पन्नासची, इथं घोडं अडलं होतं. पस्तीस जरा जास्त परिसर दाखवते, पन्नास माणसाला जवळ ओढते. या प्रश्नावर जावईबापूंनी इतके महिने व्हिडिओ पाहिले होते की तेवढ्या काळात एखाद्यानं मुलीसाठी स्थळ बघून, लग्न लावून, नातवाचं बारसंही उरकलं असतं. शेवटी ऑफिसातल्या एका जुन्या फोटोवाल्यानं, ज्याला सगळे गुरुजी म्हणत, मार्ग दाखवला. "आहे तीच लेन्स पन्नासवर ठेवा आणि टेप लावून टाका. आठवडाभर फिरवायची नाही. माणूस मावत नसेल तर आपण मागं जायचं. जमलं तर पन्नास घ्या, नाही जमलं तर पस्तीस."

म्हणून जावईबापू बाथरूममध्ये होते.

साधी टेप मात्र सारखी सुटत होती. आणि त्या दिवशी घरात मेव्हणा आलेला होता. मेव्हणा चिकटवायच्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीत विक्री अधिकारी. बहिणीच्या नवऱ्याची लेन्स सुटतेय हे पाहून त्याच्या काळजाला घरं पडली.

"भावोजी, हे काय पोरखेळ करताय? ही घ्या आमची टेप. जहाजाच्या तळाला लावतात." आणि जावईबापू हां हां म्हणेपर्यंत त्यानं लेन्सला तीन वेढे देऊन वर अंगठ्यानं दाबलंसुद्धा.

"बरं, आता ही काढायची कशी?"

"काढायची?" मेव्हणा विचारात पडला. हा प्रश्न त्याला आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता.

मेव्हणा उगाच आलेला नव्हता. सासूबाईंची तीनही मुलं, जावई, सून, नातवंडं अशी सगळी फौज त्या संध्याकाळी जावईबापूंच्या घरी जमली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई थोरल्या मुलीबरोबर तिच्या गावी कायमच्या राहायला जाणार होत्या. लांबचा प्रवास होता. पुन्हा सगळे एका छपराखाली कधी येतील ते कुणी सांगावं! सासूबाईंचं मागणं एवढंच होतं, की नव्या खोलीच्या भिंतीवर लावायला एक फोटो हवा. सगळे हवेत, आणि तोंडं ओळखू यायला हवीत.

"मी फोनवर काढते," बायको म्हणाली.

"फोनवर?" जावईबापूंचा चेहरा असा झाला की जणू तिनं त्यांना दाढी करायला विळी दिली होती. "घरात कॅमेरा असताना आईंचा फोटो फोनवर?"

बायकोनं कंबरेवर हात ठेवले. "ठीक आहे. आज आईच्या फोटोत सगळ्यांची तोंडं ओळखू आली, तर हवी ती लेन्स घ्या, मी चकार शब्द काढणार नाही. नाही आली, तर या घरात लेन्स हा शब्द पुन्हा ऐकायचा नाही मला."

बाजी लागली. जावईबापूंनी सगळ्यांना सोफ्याभोवती उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांना फक्त सासूबाईंचं नाक दिसलं.

त्यांनी गुपचूप टेपचं टोक शोधून पाहिलं. टोक नव्हतंच. जहाजवाल्यांना ते लागत नसावं. मग ते मागं सरकले. सासूबाई पूर्ण आल्या. आणखी मागं सरकले, तर थोरली मेव्हणी आली. मग पाठ भिंतीला लागली.

"खाली इमारतीपुढं मोकळी जागा आहे, तिथं जाऊ या का?" थोरल्या साडूनं सुचवलं.

"लिफ्ट बंद आहे, आणि आईचे गुडघे त्याहून बंद आहेत," थोरली म्हणाली.

राहिलं फक्त दार. दार सोफ्याच्या बरोबर समोर होतं. जावईबापूंनी ते उघडलं आणि कॅमेरा डोळ्याला लावून उलट्या पावलांनी जिन्याच्या चौकात गेले. आता सहा माणसं आली. आणखी चार पावलं मिळाली तर सगळेच येतील, असा हिशोब करत ते मागं गेले आणि समोरच्या बिऱ्हाडाच्या दारावर पाठीनं धाडकन आदळले.

समोर निवृत्त हेडमास्तर राहायचे. चौकातल्या चपलांच्या रॅकवरून दोन्ही घरांत अबोला होता. दार उघडलं आणि जावईबापू कॅमेऱ्यासकट पाठमोरे आत आले.

"दोनच मिनिटं, सर," ते डोळा न काढता म्हणाले.

"हे काय चाललंय?" सर गरजले.

"पन्नासवर अडकलोय."

सरांना वाटलं, हे वयाबद्दल असावं. ते जरा नरमले. "होतं असं पन्नाशीत. बसा. पाणी घेता?"

"बसता येणार नाही. मला जरा मागं जायचंय. तुमचं स्वयंपाकघर कुठं?"

सरांच्या सूनबाई टीव्ही बघत होत्या, त्यांच्या पायांवरून, सरांच्या छोट्या टेबलाला वळसा घालून जावईबापू मागं मागं जात थेट ओट्याला टेकले. आता अंतर झकास जमलं होतं. पण हाय रे कर्मा! अंतर वाढलं तशी मधली दोन दारं अरुंद झाली होती. डावीकडचे तिघं आणि उजवीकडचे तिघं चौकटीआड गडप. मधोमध सासूबाई, एक नातू आणि शेजारी मेव्हण्याचा अर्धा खांदा.

"काही दिसत नाही हो!" जावईबापू कळवळून ओरडले.

सरांनी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली होती, आणि निवृत्तीनंतर एकही त्रिकोण त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यांनी खिशातून खडू काढला (निवृत्त माणसाच्या खिशात खडू का असावा, हे सूनबाईंनाही ठाऊक नव्हतं) आणि स्वतःच्याच दारावर दोन रेघा मारल्या.

"सोपं आहे. रुंदी कमी आहे, उंची भरपूर आहे. माणसं आडवी मांडू नका. उभी मांडा!"

"उभीच आहेत की!" पलीकडून मेव्हणा ओरडला.

"एकावर एक!" सर ओरडले आणि अबोला विसरून समोरच्या घरात शिरले.

पुढचा अर्धा तास त्या घरात जे झालं ते कुठल्याही शाळेच्या कवायतीत झालं नसेल. सर्वांत पुढं खुर्चीवर सासूबाई. त्यांच्या पायाशी दोन नातवंडं. मागं स्टुलांवर दोन्ही मुली. त्यांच्या मागं जेवणाच्या टेबलावर साडू आणि सून, टेबलावरच्या खुर्चीवर मेव्हणा, मेव्हण्याच्या खांद्यावर त्याची धाकटी मुलगी. तिचं डोकं पंख्याला लागू नये म्हणून पंखा बंद केला, तसा सगळ्यांना घाम फुटला.

"बाबा, तुमच्या डोक्याचा वास येतोय," धाकटी वरून म्हणाली.

"हसा आता!" सर खालून म्हणाले.

आता सगळे मावले, पण उजेड? उजेडाचं नाव नव्हतं. जावईबापूंनी कॅमेऱ्यातले आकडे बघितले. या लेन्सनं फोटो हवा तर सगळ्यांना पूर्ण एक सेकंद पुतळ्यासारखं थांबावं लागणार होतं. सर आपल्या घरी परतले आणि सूनबाईंनी आणलेला टेबललॅम्प त्यांनी उंच धरला. वरच्या मजल्यावरचे शिंपी आपला शिलाईचा दिवा वायरीसकट घेऊन आले. त्यांच्यामागून त्यांची बायको टॉर्च घेऊन, आणि तिच्यामागून खालच्या मजल्यावरचे दोन भाडेकरू, काही माहीत नसताना, मेणबत्त्या घेऊन. कुणाचं तरी काहीतरी शोधणं चाललंय अशी त्यांची समजूत होती. सगळे जावईबापूंच्या पाठीशी सरांच्या स्वयंपाकघरात दिवे उंचावून दाटीवाटीनं उभे राहिले.

"हलू नका!" जावईबापू म्हणाले. त्यांनी कॅमेरा क्षणभर छातीशी घेतला होता, एक डोळा मात्र तसाच मिटलेला. लेन्स गेली चुलीत, पण उद्या आई निघणार, आणि आपल्या हातून एवढंसं होऊ नये? "श्वास रोखा!"

दोन्ही घरांनी श्वास रोखला. कॅमेऱ्याचा पडदा उघडला. खट्.

आणि त्या एका सेकंदात जेवणाच्या टेबलानं आपला विचार बदलला.

पहिल्यांदा एक कुरकुर ऐकू आली. मग मेव्हणा एका मजल्यानं खाली आला, साडू सोफ्यावर आडवे झाले, सून साडूंवर, आणि धाकटी मात्र अलगद आत्याच्या मांडीवर येऊन "पुन्हा!" म्हणाली. मग पडदा बंद झाला. खट्.

कुणाला फारसं लागलं नाही. फोटो मात्र पाहण्यासारखा आला होता. छतापासून जमिनीपर्यंत एक लांबलचक रंगीत ओघळ, आणि त्यात मधेच एक चप्पल, तीही हवेत.

"यात मी कोणता?" मेव्हण्यानं कंबर धरून विचारलं.

पुन्हा चढायला कुणी तयार होईना. जावईबापू सासूबाईंसमोर खाली मान घालून उभे राहिले. त्यांना रडूच यायचं बाकी होतं. "आई, माफ करा. एक धड फोटो नाही काढू शकलो तुमच्यासाठी. हौसेपायी सगळा विचका केला."

सर घसा खाकरून म्हणाले, "एक सांगू? पस्तीसचीच घ्या. पन्नासची घेतलीत तर आम्हाला घर विकावं लागेल."

बायको स्टूल उचलून जागेवर ठेवू लागली. बाजी तिनं जिंकली होती, पण जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठं दिसेना.

"अहो जावईबापू, वाईट कसलं वाटून घेताय?" सासूबाई पदराआडून फोन काढत म्हणाल्या. "माझा फोटो झालाय की. तुम्ही तिकडं खुडबूड करत होतात, मी बसून बसून कंटाळले. म्हटलं आपणही एक काढू या. तुम्ही हलू नका म्हणालात ना, म्हणून हात अजिबात हलवला नाही मी."

सगळे फोनवर वाकले. फोटो लख्ख आला होता. मधोमध जावईबापू, कॅमेरा छातीशी, एक डोळा अजून मिटलेला, घामानं डबडबलेले. मागं दिवा उंच धरलेले सर, तोंड उघडं ठेवून सूनबाई, शिंपी आणि त्यांची बायको, मेणबत्त्यांच्या उजेडात गंभीर झालेले ते दोन भाडेकरू. एकूणएक चेहरा आरशासारखा स्वच्छ.

"पण आई, यात आम्ही कुठं आहोत?" थोरलीनं विचारलं.

"तुमची तोंडं मला पाठ आहेत गं," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं जावईबापू सगळ्यांचे फोटो काढतात, पण त्यांचा एकही नव्हता माझ्याकडं."

जावईबापूंनी चष्मा पुसण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. बायकोनं त्यांच्या हातातून कॅमेरा घेतला आणि हळूच म्हणाली, "तोंडं ओळखू आली तर, असंच ठरलं होतं ना? घ्या तुमची पस्तीस."

तो फोटो आता थोरलीच्या गावी सासूबाईंच्या खोलीत पलंगासमोर मोठा करून लावलेला आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यापुढं थबकतो.

"हे कोण?"

"हे माझे धाकटे जावई."

"आणि मागचे हे सगळे?"

"काय माहीत बाई," सासूबाई कौतुकानं म्हणतात. "पण आले किनई सगळे नीट?"